पांढरीवर खणणाऱ्यांची संघटना कोणती?

१. वाचकहो, या मालिकेत आपण सहसा एखादे नाणे, एखादा ताम्रपट किंवा एखादा किल्ला घेऊन बसतो. आज ज्यांच्या हातून या वस्तू मातीबाहेर येतात, त्यांच्याविषयी लिहिते आहे. प्रश्न सरळ आहे. पुरातत्त्वाच्या व्यावसायिक संस्था, परिषदा, नियतकालिके आपल्याकडे आहेत. उन्हात चरात उतरून काम करणाऱ्या माणसाच्या त्या कितपत उपयोगी पडतात? धागा लांबणार आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही येणार आहे. सवडीने वाचावा.

२. माझे गाव सोनाळा; बुलढाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका. उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरवा अभयारण्य, गावात सोनाजी महाराजांचे मंदिर, शिवारात कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा. दक्षिणेला पूर्णेच्या दिशेने उतरत गेले की खारपाणपट्टा लागतो. जमीन काळी आणि कसदार, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. या भागातील गावांना पिण्याचे पाणी वान धरणावरून नळयोजनेने आणावे लागते, ते याचमुळे. आमच्याच तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, भोन नावाचे गाव आहे.

३. शाळेत असेपर्यंत भोन हे माझ्या लेखी कोणाच्या तरी मामाचे गाव होते, त्यापलीकडे काही नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर पडले आणि ग्रंथालयात एक उत्खननवृत्त चाळताना ते नाव पुन्हा भेटले. या शतकाच्या पहिल्या दशकात डेक्कन कॉलेजच्या पथकाने भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले होते. विटांनी बांधलेल्या स्तूपाचे अवशेष निघाले. त्याचा काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला गेला. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरी निघाल्या, त्याही एकदोन नव्हे, मोठ्या संख्येने. सातवाहनकाळापर्यंत नांदलेली वस्ती. माझ्या तालुक्याचा बावीसतेवीसशे वर्षांचा इतिहास मला शेकडो किलोमीटरवरच्या कपाटात सापडला, याची लाज वाटली.

४. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे ‘पांढर’ म्हणतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. राख, शेण, कुडाच्या भिंतींची माती, खापरे, हाडे यांचे थर शेकडो वर्षे साचून त्या मातीचा रंग फिकट होतो. पुरातत्त्वज्ञाला ती पुस्तकासारखी वाचायची असते. शेतकऱ्याला ती खतासारखी शेतात पसरायची असते. महाराष्ट्रातील कितीतरी पांढरी गाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून वाहून गेल्या आहेत. यात कोणाचा दुष्टपणा नाही. गरज आणि अज्ञान यांचा तो मेळ आहे. भोनवरचे संकट मात्र याहून मोठे आहे.

५. नांदुरा तालुक्यातील जिगाव येथे पूर्णेवर जे मोठे धरण होत आहे, त्याच्या बुडीत क्षेत्रात भोनचे हे स्थळ येते. प्रकल्पाची मूळ मंजुरी १९९० च्या दशकातली. म्हणजे स्तूपाच्या विटा उजेडात आल्या तेव्हा धरणाचा आराखडा आधीच कागदावर होता. खारपाणपट्ट्याच्या कडेला वाढलेली मुलगी धरणाला सरसकट नावे ठेवू शकत नाही. खाऱ्या मातीत गोड पाणी मिळवण्यासाठी दोन हजार वर्षांपूर्वी कोणी मातीची कडी रचली, आज आपण धरण बांधतो. माणसाची निकड तीच आहे. पण एका निकडीच्या पाण्याखाली दुसरीचा पुरावा जाणार असेल, तर जाण्याआधी तो पूर्ण वाचला पाहिजे, एवढे तरी म्हणता यावे.

६. हे आपल्या देशात पूर्वी घडले आहे. कृष्णेवरच्या नागार्जुनसागर धरणामुळे नागार्जुनकोंड्याचे खोरे बुडणार हे ठरल्यावर १९५४ ते १९६० या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे प्रचंड बचाव उत्खनन केले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे अवशेष नोंदले गेले, निवडक वास्तू हलवून उंच जागी पुन्हा उभारल्या आणि पाण्याने वेढलेल्या टेकडीवर संग्रहालय झाले. हे झाले कारण शासनाने मनावर घेतले. धरण, महामार्ग वा वसाहत यांच्या प्रत्येक कामाआधी पुरातत्त्वीय तपासणी करावीच आणि तिचा खर्च बांधणाऱ्याने उचलावाच, असे सर्वसाधारण बंधन आपल्या कायद्यात नाही. १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा यांचा भर आधीच संरक्षित घोषित झालेल्या स्थळांवर आहे. जे अजून मातीखाली आहे, त्याचा वाली कोण?

७. मागच्या दिवाळीत घरी हा विषय निघाला. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. भोनची गोष्ट तिने शांतपणे ऐकली आणि विचारले, “मंग तुमच्यावाले लोकं काय करून रायले? तुमची युनियन नाही काय वं?” मी म्हटले, संस्था आहेत, परिषदा होतात, नियतकालिके निघतात. तिने पुढचा प्रश्न टाकला, “अन् पैसे नाही भेटले तं कोनाले सांगता?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचा धागा तिथून सुरू झाला.

८. तिचा प्रश्न साधा नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा राज्यव्यापी संप पन्नास दिवसांहून अधिक चालला. त्यात ती होती. शासन त्यांना जे देते त्याला ‘वेतन’ न म्हणता ‘मानधन’ म्हणते, आणि त्या एका शब्दाने किती हक्क हातून जातात हे तिला पाठ आहे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला, तोही तिला तारखेसकट ठाऊक आहे. दहावीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईला आपल्या कामाचा कायदा माहीत आहे. पदव्युत्तर शिकणाऱ्या मला माझ्या कामाचा माहीत नव्हता.

९. आता माझा अनुभव. स्थळाचे आणि संस्थेचे नाव सांगत नाही. ते आमच्या जिल्ह्यातले नव्हते. एका हंगामात मी एका उत्खननावर चरप्रमुखाची मदतनीस म्हणून गेले. काम सूर्योदयाला सुरू होई. दोरी ताणून चौकोन आखायचा, थर सोलत खाली जायचे, प्रत्येक थराची खोली, रंग, पोत वहीत लिहायचा, खापरे पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावायच्या, संध्याकाळी छेदाचे रेखाचित्र काढायचे, रात्री कंदिलाइतक्या उजेडात खापरांवर क्रमांक घालायचे. लिखित करार नव्हता. मिळणार होते ते मानधन. आईचाच शब्द.

१०. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी चराची ओली कड ढासळली आणि माझ्याहून एक वर्ष लहान असलेल्या सहकाऱ्याचा पाय मोडला. चर पुरुषभर उंचीहून खोल होता; मातीला आधार दिलेला नव्हता. विमा नव्हता. औषधपाण्याचा खर्च आम्ही विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून भागवला. मानधन हाती पडायला पाच महिने लागले. या सगळ्यात कोणी क्रूर वागले असे मी म्हणणार नाही. प्रमुख स्वतः दोन रात्री दवाखान्यात बसून होते. पण कोणाची जबाबदारी काय, हे कुठेच लिहिलेले नव्हते. जेथे काही लिहिलेले नसते, तेथे सगळे काही एखाद्याच्या भलेपणावर चालते.

११. एका ज्येष्ठ मित्राला विचारले, अशा वेळी आपल्या व्यावसायिक संस्थेकडे दाद मागता येते का? तो हसून म्हणाला, “सदस्य हो. अंक घरपोच येईल.” मला तेव्हा राग आला. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की तो टोमणा अर्धाच न्याय्य होता. उरलेला अर्धा समजण्यासाठी या संस्था कशासाठी जन्मल्या, हे पाहिले पाहिजे.

१२. इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी १९६७ साली स्थापन झाली. तिचे ‘पुरातत्त्व’ हे नियतकालिक. प्रागितिहास आणि चतुर्थक युगाच्या अभ्यासकांची इंडियन सोसायटी फॉर प्रीहिस्टॉरिक अँड क्वाटर्नरी स्टडीज ही संस्था पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या आवारातून चालते आणि १९७७ पासून ‘मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट’ प्रसिद्ध करते. या संस्थांची परिषद दरवर्षी संयुक्तपणे भरते. एखाद्या तालुक्यात पायी हिंडून गोळा केलेली माहिती देशभराच्या जाणकारांपुढे मांडण्याची संधी तिथे नवख्या विद्यार्थ्यालाही मिळते. ज्या उत्खननांचे अंतिम वृत्तांत वर्षानुवर्षे निघत नाहीत, त्यांची निदान प्राथमिक माहिती अनेकदा याच नियतकालिकांमुळे टिकून राहते. हे ऋण लहान नाही.

१३. पण ही विद्वत्सभेची परंपरा आहे. कामगाराची किंवा व्यवसायाची नव्हे. आपल्याकडे ती जुनी आहे. राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ते कागदपत्रे जमवणे, वाचणे आणि छापणे यासाठी. जमलेल्यांपैकी कोणाचे पोट त्या कामावर अवलंबून असावे, अशी कल्पनाच त्यात नव्हती. उलट पदरमोड करून संशोधन करणे हे भूषण होते. आजच्या पुरातत्त्वीय संस्था त्याच कुळातल्या. त्यांनी वेतनासाठी भांडावे असे म्हणणे म्हणजे ग्रंथालयाने दवाखाना का चालवला नाही असे विचारण्यासारखे होईल.

१४. मग व्यवसायाची संस्था कशी असते? वकिलांसाठी १९६१ चा कायदा आणि त्याखालची बार कौन्सिल, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि त्याखालची परिषद, सनदी लेखापालांसाठी १९४९ चा कायदा. नोंदणी कोणाची होईल, गैरवर्तन कशाला म्हणायचे, तक्रार कुठे करायची, हे तिथे ठरलेले आहे. पुरातत्त्वज्ञासाठी असे काही नाही. उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो आणि तो उत्खननप्रमुखाच्या नावाने असतो. छेदाचे चित्र काढणारा, खापरे वर्गवार लावणारी, छायाचित्रे घेणारा, घमेले वाहणारी यांची नावे त्या परवान्यावर नसतात. व्यवस्थेच्या दृष्टीने चरात एकच माणूस उभा असतो.

१५. इंग्लंडमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९८२ साली तेथे क्षेत्रीय पुरातत्त्वज्ञांची स्वतंत्र संस्था निघाली. १९८९ मध्ये लंडनला एका इमारतीच्या पायात शेक्सपिअरकालीन रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि नटनट्यांसह लोक रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, शासनाने नियोजनाचे धोरण बदलले. बांधकामाने अवशेषांना धोका असेल तर त्यांच्या नोंदणीची सोय बांधणाऱ्याने करावी असे ठरले. त्यातून खासगी उत्खनन कंपन्या आणि हजारो नोकऱ्या निर्माण झाल्या. क्षेत्रीय पुरातत्त्वज्ञांच्या संस्थेला २०१४ मध्ये राजसनद मिळाली. आचारसंहिता, सदस्यांच्या श्रेणी, किमान वेतनाच्या शिफारशी, सगळे आहे.

१६. तरीही तिथले खणणारे समाधानी नाहीत. अल्पमुदतीचे करार, गावोगाव फिरती, पदवीच्या मानाने तुटपुंजे वेतन या तक्रारी तिथे अनेक वर्षे चालू आहेत. त्यांचा मूळ आक्षेप मननीय आहे: ज्या संस्थेत कंपनीचा मालक आणि रोजावर खणणारा हे दोघेही सदस्य, ती वेतनाच्या प्रश्नावर कोणाची बाजू घेणार? म्हणून तेथील अनेक जण व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व वेगळे आणि कामगार संघटनेचे वेगळे ठेवतात. एकीने कामाचा दर्जा सांभाळायचा, दुसरीने कामगाराचा. फ्रान्सने तिसरी वाट धरली. २००१ चा कायदा आणि त्यानंतर उभी राहिलेली राष्ट्रीय संस्था यांच्यामार्फत बचाव उत्खनन हे सार्वजनिक काम मानले गेले.

१७. यावरून माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट अशी. संस्थेआधी काम असावे लागते, आणि कामाआधी कायदा. जोवर भोनसारख्या स्थळाची पूर्ण नोंद करणे कोणावर तरी बंधनकारक नाही, तोवर क्षेत्रीय पुरातत्त्वज्ञाला नियमित रोजगार नाही. रोजगारच नसेल तर संघटना कशाची बांधायची? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एकूण खर्चापैकी शोधमोहिमा आणि उत्खनन यांवर एक टक्काही खर्च होत नाही, असे महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने दाखवून दिले होते. आपल्याकडचे पुष्कळसे खणणे विद्यार्थी करतात, ते दोनतीन हंगामांनंतर दुसऱ्या वाटेला लागतात. फिरत्या माणसांची संघटना बांधणे अवघड असते. अंगणवाडी गावात कायम असते, म्हणून तिची संघटना टिकते. हे आईनेच सांगितले.

१८. इथे एक सावधगिरी. नोंदणी आणि प्रमाणपत्र आले की दार बंद होण्याचाही धोका असतो. महाराष्ट्रात कितीतरी महत्त्वाचे शोध पदवी नसलेल्यांच्या हातून लागले. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दायमाबादचे. प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या गावकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझ शिल्पे सापडली: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकटा रथच ४५ सेंटिमीटर लांबीचा. ताम्रपाषाण युगाचा विचार या शिल्पांना वगळून करताच येत नाही. व्यवसायाभोवती कुंपण घालताना अशा माणसाला बाहेर ठेवणारी संस्था मला नको आहे.

१९. छबू भिल्ल यांचे नाव इतिहासात राहिले, कारण वस्तू त्यांच्या हाती एकट्याने लागली. उत्खननाच्या चरात असे घडत नाही. तिथे मजूर शोधतो, विद्यार्थी नोंदवतो आणि प्रमुखाच्या नावाने छापले जाते. ॲलिसन मिकेल या अभ्यासिकेने जॉर्डनमधील पेट्रा आणि तुर्कस्तानातील चाताल्ह्योयुक येथील मजुरांवर २०२१ मध्ये पुस्तक लिहिले. वर्षानुवर्षे खणून मजुरांकडे खरे कौशल्य साचते, पण ते उघड दाखवणे त्यांना लाभाचे नसते, असे तिचे निरीक्षण आहे. त्याच वर्षी आशिष अविकुंठक यांचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कारभारावरचे पुस्तक निघाले. उत्खननस्थळावरची अधिकारी ते मजूर ही उतरंड ज्ञान घडवण्यात कशी काम करते, हे त्यात वाचायला मिळते. ही दोन्ही पुस्तके वाचताना मला माझी वही आठवली.

२०. ही ती चूक. माझ्या चरात एक मावशी खुरपीने माती सोलत. एका दुपारी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, इथली माती वेगळी बोलते.” मला काही दिसत नव्हते. त्यांनी खुरपीची मूठ आधी इकडे आणि मग तिकडे आपटून दाखवली. आवाजात फरक होता. आम्ही जपून सोलले. वीतभर रुंदीचा, मऊ मातीने भरलेला गोल खळगा निघाला, मग त्याच रांगेत दुसरा, तिसरा. लाकडी खांबांचे खळगे. म्हणजे घराची भिंत. त्या हंगामातली आमच्या चरातली ती सर्वांत मोलाची गोष्ट होती. संध्याकाळी मी वहीत लिहिले: ‘खांबांचे खळगे आढळले.’

२१. कोणाला आढळले? माझ्या वाक्याला कर्ताच नव्हता. पुढे त्या उत्खननावरचा लेख छापून आला. त्यात माझे नाव नव्हते. मी आठवडाभर धुसफुसत होते. छेदाचे चित्र माझे, वही माझी आणि आभाराच्या ओळीत फक्त ‘विद्यार्थी’. ते दुःख आईला सांगितले तेव्हा तिने विचारले, “अन् त्या मावशीचं नाव काय व्हतं?” मला आडनाव ठाऊक नव्हते. ते मजुरीच्या हजेरीपटावर होते, आणि तो हजेरीपट पुरातत्त्वाचा दस्तऐवज आहे असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते. माझ्यावर झालेला अन्याय मी जसाच्या तसा खाली सरकवला होता.

२२. म्हणून ‘संस्था आमच्यासाठी काय करतात’ हा प्रश्न मला आता एकट्याने विचारता येत नाही. क्षेत्रात काम करणारा म्हणजे कोण, हे आधी ठरले पाहिजे. त्यात पदव्युत्तर विद्यार्थी मोडतो, तशी दर हंगामात घमेले उचलणारी बाईही मोडते. आम्ही आमच्यापुरती संघटना काढली आणि मजुरांना ‘स्थानिक साहाय्य’ या दोन शब्दांत गुंडाळले, तर आम्ही आमच्या प्रमुखांहून वेगळे ठरणार नाही.

२३. मग मागायचे काय? परवाना या संस्थांच्या हाती नाही, पैसाही नाही. पण एक गोष्ट पूर्णपणे त्यांच्या हाती आहे: छापणे. आपल्या पुरातत्त्वात लेख कुठे छापून येतो याला फार किंमत आहे. उद्या या नियतकालिकांनी एवढेच ठरवले, की उत्खननावरचा लेख स्वीकारताना चार गोष्टी सोबत हव्यात. एक, कामावर असलेल्या सर्वांची, मजुरांसह, त्यांच्या संमतीने नावे. दोन, कोणाला काय दराने आणि कधी मोबदला दिला याचे निवेदन. तीन, अपघात विमा होता की नव्हता. चार, वह्या आणि रेखाचित्रे कुठे जतन केली आहेत. यासाठी संसदेच्या कायद्याची गरज नाही; संपादक मंडळाच्या एका ठरावाची आहे.

२४. यावर आक्षेप येईल की निधी आधीच अपुरा, त्यात अटी वाढवल्या तर लहान विद्यापीठांची उत्खनने बंद पडतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही. निधीची चणचण मी पाहिली आहे. प्रमुखांनी स्वतःच्या खिशातून डिझेल भरलेलेही पाहिले आहे. पण नावे छापायला पैसा लागत नाही. चराच्या कडेला उतार ठेवायला किंवा ओल्या दिवशी काम थांबवायलाही लागत नाही. महाग आहे ते वेतन आणि विमा. त्यासाठी शासनाकडे मागणी करावी लागेल. ती मागणी एकट्या विद्यार्थ्याने केली तर अर्ज ठरतो, वार्षिक परिषदेने एकमुखाने केली तर शासनाला उत्तर द्यावे लागते. परिषदेचा आवाज वापरायचा तो इथे.

२५. भोनच्या बाबतीतही तसेच आहे. तो स्तूप वाचावा, निदान त्याची संपूर्ण नोंद व्हावी, ही मागणी बौद्ध समाजाने आणि परिसरातील लोकांनी केली, कारण त्यांच्यासाठी तो अहवालातला मुद्दा नसून श्रद्धेची जागा आहे. जाणकारांच्या संस्थांनी त्यांच्या शेजारी उभे राहून ‘या स्थळाला अजून इतके हंगाम, इतकी माणसे आणि इतका खर्च लागेल’ असा नेमका हिशेब मांडला, तर त्या मागणीला वजन येईल. आणि त्या हिशेबातच आमच्यासारख्यांचा रोजगारही असेल. स्थळ वाचवणे आणि खणणाऱ्याचे पोट, या दोन वेगळ्या मागण्या आहेत असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही.

२६. मी त्या स्थळावर पुन्हा जाऊन हजेरीपट मागितला. मावशींचे पूर्ण नाव मिळाले. त्यांच्या परवानगीशिवाय ते इथे लिहिणे योग्य नाही, पण माझ्या वहीच्या त्या पानावर कर्ता आता आहे. वहीची सुधारित प्रत उत्खननप्रमुखांना दिली. त्यांनी काही न बोलता ती मूळ कागदपत्रांत लावून घेतली. सोनाळ्याला परतल्यावर आईला हे सांगितले. तिने विचारले, “अन् त्या बाईचे पैसे भेटले काय?” भेटले होते, आमच्या आधी. हजेरीपटावर रोजच्या रोज सही होती. कागदावर नोंद असण्याचा एवढा फायदा असतो.

२७. वाचकहो, तुमच्यापैकी काही जण उद्या कुठल्या ना कुठल्या चरात उतरणार आहात. जाण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: कामाचे स्वरूप, मोबदला, आणि अपघात झाला तर जबाबदारी कोणाची. मागणे उद्धटपणाचे नाही. आणि वहीत ‘आढळले’ असे लिहाल, तेव्हा कोणाला, तेही लिहा. तुमच्या गावाजवळ पांढर असेल तर तिचे नाव आणि आजची स्थिती खाली नोंदवा. आपण यादी करू. पुढचा धागा मातीच्या कड्यांच्या विहिरींवर: त्या कशा बांधत आणि कशासाठी वापरत. आज इथेच थांबते.